उधारीच्या वहीतले पक्षी

दर दिवाळीनंतर एखादा फोन येतोच. कधी गुहागरकडचा, कधी पार मालवणकडचा. "काकू, आम्हालाही गावात पक्षीमंडळ काढायचंय. सुरुवात कुठून करू?" मी विचारते, आजपर्यंत काय काय केलंत? बॅनर छापून झालेला असतो, टी-शर्टची मापं घेतलेली असतात, व्हॉट्सॲपवर ग्रुप झालेला असतो. पक्षी तेवढे राहिलेले असतात.

मी दापोलीजवळच्या आंजर्ल्यात घरगुती खानावळ चालवते. आमचं मंडळ सुरू झालं ते खानावळीच्या उधारीच्या वहीत. पुढच्या पानांवर कोणाकडून किती येणं, मागच्या पानांवर कुठले पक्षी किती. दोन्ही हिशेब मध्यावर भेटले की नवी वही. मंडळाला अजून नाव नाही. नावावर दोन बैठका झाल्या, तिसरीला चहा टाकून मी एकटीच बसले, तेव्हापासून तो विषय बंद. फोनवर सगळं सांगेपर्यंत आमटी करपते, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

आधी किनाऱ्याचा एक पट्टा ठरवा आणि तो सोडू नका. आमचा पट्टा खाडीच्या तोंडापासून सुरूच्या बनापर्यंत. रमतगमत चाललं तर अर्धा तास. "आज हर्णै बंदरावर कुरवांची झुंबड आहे, तिकडे जाऊ" असं कुणीतरी म्हणतंच. जा ना, लिलाव बघा, सुरमई घेऊन या, पण वहीतला आकडा आपल्याच पट्ट्याचा. जागा बदलली की मागच्या वर्षाशी मेळ घालता येत नाही, मग मोजून उपयोग काय?

पट्टा ठरला की भिंतीवरचं कालनिर्णय काढा. शहरातली माणसं "सकाळी सहाला पक्षी" असं म्हणतात. रानात ते खरं आहे. किनाऱ्यावरचा पक्षी घड्याळ बघत नाही, पाणी बघतो. ओहोटीला तो खाडीतल्या चिखलावर, खाजणात, कातळांवर कुठेकुठे पांगलेला असतो. भरती चढायला लागली की खायची जागा बुडते आणि सगळे वर, कोरड्या वाळूवर येऊन उभे राहतात. पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास ही आपली वेळ.

भरतीची वेळ काढायला सासूबाईंनी मला शिकवलेला हिशेब आहे, कोकणात जुन्या माणसांना तो पाठ असतो. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाचे पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळी. द्वादशीला बाराचे पाऊण नऊ. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, तेवढं धरून चाला. सासूबाई कालवं काढायला जायच्या, त्यांना ओहोटी हवी असायची म्हणून त्या त्यातून सहा तास वजा करायच्या. मी तोच हिशेब उलटा वापरते. आता वेळ बघायला मोबाइल आहे, पण मोबाइल मला महिनाभर आधी जेवणाच्या ऑर्डरी लावून देत नाही. भिंतीवरची तिथी बघून मी तिथेच पेन्सिलने 'प' लिहून ठेवते.

मग बघा, सकाळच्या फेरीला कोणती तिथी बरी? एकादशी ते त्रयोदशी. सव्वाआठ ते पावणेदहाच्या दरम्यान पाणी पूर्ण भरतं, म्हणजे सातला निघालं की काम होतं. महिन्यात दोन फेऱ्या आपोआप ठरतात. आमच्याकडे एकादशीला अर्ध्या जणांचा उपास, म्हणून द्वादशी धरली. आणखी एक फायदा आपल्या किनाऱ्याचा असा की समुद्र पश्चिमेला. सकाळी ऊन आपल्या पाठीवर आणि पक्ष्याच्या अंगावर. पायाचा रंगसुद्धा दिसतो. संध्याकाळी त्याच जागी नुसत्या काळ्या सावल्या.

दुर्बीण आठ बाय बेचाळीसची घ्या, म्हणजे आठपट जवळ दाखवणारी, पुढचं भिंग बेचाळीस मिलिमीटरचं. बारा माणसांत आमच्या दोन आहेत, एक शाळेतल्या गुरुजींची, एक वर्गणीची. भांडण होत नाही, कारण मोजणारा आणि बघणारा वेगळा असतो. मोजायचं कसं, हे मला आमच्यातल्या एका मासे विकणाऱ्या मावशीने दाखवलं. ती बोट फिरवून एक-दोन-तीन करत नाही. बांगड्याचा वाटा लावताना नजरेनेच कळतं ना दहा आहेत की बारा, तसा ती थव्याचा एक वाटा डोळ्यांनी बाजूला काढते, दहाचा, आणि असे किती वाटे बसतात ते बघते. मोठा थवा असेल तर पन्नासाचा वाटा. गुरुजींनी एकदा फोटो काढून घरी जाऊन मोजले. मावशीचा आकडा चारशे, फोटोतला चारशे अठरा. त्या दिवसापासून मोजणी मावशीकडे.

ओळखायच्या भानगडीत सुरुवातीला फार पडू नका. किनाऱ्यावरचे छोटे राखी पक्षी बघून नवीन माणूस हात टेकतो. आम्ही पहिली दोन वर्षं वहीत 'लहान चिखल्या', 'मोठा चिखल्या', 'लाटेमागे पळणारा पांढरा' असंच लिहिलं. त्यात लाज नाही. चुकीचं नाव लिहिण्यापेक्षा अर्धं नाव बरं. आधी मोठे पक्के करा. वाकडी लांब चोच म्हणजे कोरल. काळापांढरा, चोच गाजरासारखी, तो कालवफोड्या. सासूबाईंना तो दाखवला तेव्हा म्हणाल्या, "माझ्या कोयतीपेक्षा याची चोच बरी." कुरव म्हणजे जाड अंगाचे, पाण्यावर बसणारे. सुरय म्हणजे सडपातळ, वरून सूर मारणारे. आपल्याकडचे भुऱ्या डोक्याचे कुरव लडाख, तिबेटकडच्या तलावांवर अंडी घालून थंडीला खाली येतात. थंडीत त्यांचं डोकं पांढरं, डोळ्यामागे नुसता डाग. मार्चमध्ये एकेकाच्या डोक्यावर तपकिरी टोपी चढायला लागली की समजायचं, पाहुणे बॅगा भरतायत. टोपीवाले किती, बिनटोपीचे किती, हे पोरं आनंदाने मोजतात.

आणि शून्य लिहा. हे मी ठळक अक्षरात लिहिलं असतं. आमच्या तिसऱ्या वर्षी जानेवारीभर कालवफोड्याची नोंदच नाही. आज मला सांगता येत नाही की तो आला नव्हता, की आला होता आणि आम्ही लिहिलं नाही, की आम्हीच गेलो नव्हतो. तेव्हापासून वहीत ठरलेल्या दहा पक्ष्यांची नावं आधीच लिहिलेली असतात, समोर आकडा नाहीतर शून्य. फेरी झाली नाही तर तसंही लिहायचं: 'लग्न होतं, गेलो नाही.' रात्री दिरांचा मुलगा हे सगळं ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर चढवतो. पण वही आधी. नेटवर्क आमच्याकडे भरतीसारखं येतं-जातं.

थव्याजवळ सरळ चालत जाऊ नका, तिरके जा, आपल्याला दुसरीकडेच जायचंय असं दाखवत. पक्षी खायचे थांबले आणि माना वर झाल्या की आपणही थांबायचं. एकाने चालायला सुरुवात केली आणि बाकीचे त्याच्यामागे निघाले, म्हणजे आपण आधीच जास्त गेलो. हजारो किलोमीटर उडून आलेला जीव आहे, भरतीच्या दोन तासांत त्याला एक पाय दुमडून उभं राहायचं असतं, तेवढंही आपण देऊ नये का?

आपण नाही उडवले तरी उडवणारे असतातच. कुत्री, वाळूवर गाड्या फिरवणारे पर्यटक, आणि आपल्याच गावातली चारचाकी बाइक भाड्याने देणारी पोरं. पहिल्या वर्षी आम्ही पाटी लावली, 'पक्ष्यांना त्रास देऊ नका'. आठ दिवसांत ती पाटी कुणाच्या तरी चुलीत गेली. मी पंचायतीत जाऊन तावातावाने बोलले, काही झालं नाही. मग कळलं की पोरांचा धंदा साडेनऊनंतरच सुरू होतो, पर्यटक नाश्ता करून येतात तेव्हा. भांडण नेमकं कशासाठी होतं? ठरलं ते एवढंच: नोव्हेंबर ते मार्च, खाडीच्या तोंडाकडचा तुकडा गाड्यांना बंद, बाकी किनारा मोकळा. बांबू आणि सुंभाची दोरी आमची. पोरांपैकी एक जण आता पर्यटकांना दोरीपाशी थांबवून दुर्बिणीतून सुरय दाखवतो आणि त्याचे वेगळे पैसे घेतो. घेऊ दे. गेल्या वर्षी दोरी तुटली तेव्हा मला सांगायला तोच आला.

आमच्या किनाऱ्यावर कासवंही अंडी घालतात. कासवमित्र पहाटे अख्खा किनारा चालतात, त्यांना वही द्या. आपण महिन्यातून दोनदा जातो, ते हंगामात रोज. कुत्र्यांचा त्रास त्यांनाही तेवढाच, तेव्हा पंचायतीत त्यांच्याबरोबरच जा. कासवाचं नाव काढलं की खुर्ची मिळते, पक्ष्याचं काढलं की उभं राहावं लागतं. असो.

तारखांचं म्हणाल तर तीनच लक्षात ठेवा. 5 ते 12 नोव्हेंबर हा आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस 5 ला, सालिम अलींचा 12 ला, म्हणून तो आठवडा. शाळेत शिरायला तेव्हा कुणी अडवत नाही. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना, फेब्रुवारीत चार दिवस परसातली पक्षीगणना. दुसरीत तर अंगणात पंधरा मिनिटं बसून मोजायचं, गुडघे दुखणाऱ्या आजींनाही जमतं. आमच्याकडच्या एका आजींनी पडवीत बसून पंधरा मिनिटांत सतरा जाती सांगितल्या, त्यातल्या नऊ नुसत्या कानाने.

शिमगा आला की किनाऱ्यावरून लक्ष काढून झाडांकडे वळा. आता घरटी. इथे मंडळाची खरी परीक्षा असते, कारण घरटं सापडलं की माणसाला ते सांगावंसं वाटतं.

धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि तोंड लिंपून घेते, बारीक फट तेवढी ठेवते. आत अंडी, पिल्लं आणि ती. बाहेरचा एकटा नर फळं आणून भरवतो. तो बिथरला तर आत सगळ्यांनाच उपास. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, तरी मी माती खाल्ली. खानावळीत उतरलेल्या एका पाहुण्याला, चांगला वाटला म्हणून, देवराईतलं झाड दाखवलं. तो मोठी लेन्स लावून बुंध्यापासून वीस पावलांवर बसला. नर तीनदा आला, गळ्यात फळं भरलेली दिसत होती, तीनदा समोरच्या झाडावर बसून परत गेला. मी म्हटलं, उठा आता. तो म्हणाला, "पाचच मिनिटं." त्या पाच मिनिटांचा पाऊण तास झाला. रात्री मी त्याला जेवायला वाढलं पण बोलले नाही.

तेव्हापासून आमचे नियम असे. घरट्याची जागा ग्रुपवर टाकायची नाही, वहीतही नुसतं 'झाड 1', 'झाड 2'. फोटो टाकलाच तर हंगाम संपल्यावर आणि गावाचं नाव न घेता. झाडाखाली जायचं नाही. पलीकडच्या बांधावरून, आडोशाने, वीस मिनिटं, आणि दिवसाला एकच जोडी माणसांची. नर येऊन परत गेला तर त्याच क्षणी उठायचं, मग तुम्ही पुण्याहून आलेले असा नाहीतर दिल्लीहून. दोन बुकिंगं गेली यामुळे. गेली.

समुद्रगरुडाचं घरटं लपत नाही. काड्यांचा मोठा ढीग, उंच आंब्यावर नाहीतर सुरूवर, आणि जोडी वर्षानुवर्षं त्याच घरट्यावर भर घालते. म्हणून तिथे पक्ष्यापेक्षा झाड सांभाळावं लागतं. आमच्या चुलत घरच्या वाडीतला आंबा 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळात आडवा झाला. त्या दिवशी माडपोफळींचं जे झालं त्यापुढे घरट्याचं दुःख बोलायची सोय नव्हती. पण हंगामात जोडी खाडीपलीकडच्या एका जुन्या झाडावर काड्या नेताना दिसली, आणि त्याच झाडाचा लाकूडवाल्याशी सौदा ठरत आला होता. वादळात ज्याची बाग गेली त्याला पैसे नको असं कोण सांगणार?

आम्ही भाषण केलं नाही. मालकाच्या आईला खुर्चीसकट बांधावर नेलं आणि दुर्बिणीतून पिल्लू दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "तोंड उघडून बसलंय हो." सौदा पिल्लू उडेपर्यंत थांबला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, पुन्हा खुर्ची, पुन्हा थांबला. झाड अजून उभं आहे आणि अजून विकायचंही आहे. कायमचं वाचवलं असं मी कुणाला सांगत नाही.

मोठ्या कामाची हौस असेल तर चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने काय केलं ते विचारून घ्या. वेंगुर्ल्याच्या समुद्रातल्या खडकांवर पाकोळ्या लाळेची घरटी करतात, ती चोरून विकली जात होती, ते त्यांनी उघडकीला आणलं. वेळासला कासवं वाचवायचं कामही त्यांनीच सुरू केलं, 2002 पासून. आपलं काम त्यापुढे चिमूटभर, पण त्यांच्याकडेही सुरुवातीला वहीच असणार.

मृग लागला की समुद्राकडे पाठ. पावसाळ्यात मी कुणालाही पट्ट्यावर फेरीला नेत नाही. पण घराभोवती तेव्हाच मजा. पावशा 'पेरते व्हा' करून घसा कोरडा करतो, नवरंग झाडीतून दोन सुरांची शीळ घालतो, आणि पऱ्यांच्या, म्हणजे ओढ्यांच्या, काठाला तिबोटी खंड्या येतो, एवढासा, पण देवाने रंगाचा डबा सांडल्यासारखा. तो मातीच्या कडेला बीळ करतो. आमच्याकडे रस्त्याकडेच्या दरडी जेसीबीने तासायचं काम नेमकं पहिल्या पावसात निघायचं. आता मेच्या आत करा म्हणून आम्ही फेब्रुवारीतच अर्ज देतो, पोच घेऊन. दोनदा ऐकलं, एकदा नाही.

हे नवरंग आणि खंड्या येतात ते रात्री उडत, आणि उजेडाकडे खेचले जाऊन काचेवर आपटतात. नव्या रिसॉर्टांच्या काचा हल्ली फार. मेच्या शेवटापासून पंधरा दिवस बाहेरचे दिवे रात्री बंद ठेवा एवढंच आम्ही सांगतो. आपटलेला पक्षी सापडला तर पाणी पाजू नका, डोक्यावर ओतू नका, हातात घेऊन सेल्फी नको. बुटाच्या खोक्याला भोकं पाडा, आत जुना टॉवेल, झाकण लावा, अंधारात शांत ठेवा. तास-दोन तासांनी झाडीत नेऊन झाकण उघडा. बहुतेक वेळा भुर्र. नाही उडाला तर वनखात्याला 1926 वर फोन.

जुलैतल्या वादळात मात्र समुद्र आपणहून पक्षी आणून टाकतो. खोल समुद्रातले, एरवी जमीन न बघणारे. पहिल्यांदा सापडला तेव्हा हंसाएवढा पांढरा पक्षी, काळं तोंड, वाळूवर बसून होता. समुद्राचा जीव समुद्रात, म्हणून मी पोरांना सांगितलं, सोडा पाण्यात. सोडला. दुसऱ्या दिवशी तिथेच मेलेला मिळाला. तो मास्क्ड बूबी होता, हे मागाहून कळलं, आणि तो दमून, उपाशी, पिसं भिजून किनाऱ्याला लागला होता हेही. वहीत त्या पानावर मी 'माझी चूक' असं लिहिलंय.

तेव्हा लक्षात ठेवा: असा पक्षी परत पाण्यात ढकलायचा नाही. कुत्र्यांपासून बाजूला घ्या. मागून टॉवेल टाकून उचला आणि आपलं तोंड लांब ठेवा, ती चोच भाल्यासारखी टोकदार आहे, डोळा जाईल. मोठं खोकं, कोरडी जागा, जबरदस्तीने मासा कोंबायचा नाही, आणि 1926. रस्ता बंद असेल तर माणूस यायला वेळ लागतो, तोवर खोकं उघडून उघडून बघायचं नाही. हे शेवटचं पोरांना सर्वात अवघड जातं. मलाही.

भात पोटरीला येईस्तोवर सुगरणींची घरटी विहिरीवरच्या झावळ्यांना लोंबायला लागतात. ती मोजा, दरवर्षी त्याच विहिरी. शोभेला घरटं हवं म्हणून होमस्टेवाले मागतात, त्यांना सांगा, दिवाळीनंतर, रिकामं झालेलं, खाली पडलेलं.

वर्गणी आम्ही माणशी महिना वीस रुपये घेतो. ती दोरी, वही आणि दुर्बिणीच्या पट्ट्यात जाते. चहा माझा. पौष शुद्ध द्वादशीला यायचं असेल तर आदल्या दिवशी फोन करा, पाण्याचं मी बघून ठेवीन. सातला खाडीच्या तोंडाशी या, अनवाणी चालायची तयारी ठेवा, आणि लाल शर्ट घालू नका. नाश्त्याला घावणे आहेत, पण साडेनऊनंतर.